काठोकाठ भरलेलं मिनिट

तीर्थस्वरूप वन्संना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कंबर धरलीय म्हणून पत्रातूनच ठेवते. समोर असते तर तुम्हीच म्हणाला असतात, पुरे गं बाई, तुला उठवायला मलाच हात द्यावा लागतो.) इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? आमच्यामुळे चढलं असेल तर ते उतरवण्यासाठीच हा पत्रप्रपंच. तुम्ही आमचा फोन उचलत नाही याला आता पंधरवडा उलटून गेला. ह्यांचा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही हे मी समजू शकते; लग्नाआधी नंबर दिसायची सोय असती तर मीही उचलला नसता. पण मी माझ्या मोबाइलवरून केला, तोही तुम्ही वाजू दिलात. नवऱ्याच्या पुण्यात बायकोचा अर्धा वाटा असतो म्हणतात. तो मला अजून कोणी आणून दिलेला नाही, पापातला मात्र घरपोच येतो.

त्या दातांच्या दवाखान्यात जे झालं ते तुमच्या भावानं मुद्दाम केलेलं नाही, हे मला तुम्हाला पटवायचंय. सगळं सुरुवातीपासून सांगते, कारण शेवटापासून सांगितलं तर तुम्ही पत्र फाडाल.

घरचा फोन आम्ही गेल्या वर्षी ‘जेवढं बोलाल तेवढं भरा’ या तऱ्हेचा घेतला. म्हणजे भाडं नाममात्र, आणि जो कॉल कराल त्याचे पैसे वेगळे. ह्यांना ही कल्पना फारच आवडली. न बोललेल्या शब्दांचे पैसे आपण कशाला द्यायचे, म्हणाले. (ही योजना आमच्या लग्नाला लावली असती तर ह्यांना आजवर बिलच आलं नसतं.) आता तुमचे बंधू म्हणजे वजनं-मापं तपासणारे साहेब. अख्खी नोकरी दुकानदारांच्या तराजूंखाली हात घालण्यात गेली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण शोधायचं आणि दंड ठोकायचा. निवृत्त झाले तरी बोटं शिवशिवतच होती. फोनवाल्यांचं दरपत्रक आलं तसे चष्मा पुसून टेबलाशी बसले, जेवायला चार हाका मारल्या तरी उठले नाहीत, आणि उठले ते ‘मापात पाप आहे!’ असं ओरडतच.

त्यांना सापडलेलं पाप असं की फोनवरचं बोलणं मिनिटावर विकतात, सुटं मिळत नाही. एक मिनिट आणि वर एक सेकंद बोललात तरी दोन मिनिटांचे पैसे. किलोभर साखर घेतल्यावर वरच्या चार दाण्यांसाठी दुसऱ्या किलोचे पैसे मागणारा वाणी ह्यांनी आत टाकला असता; फोन कंपनीला आत टाकता येत नाही, म्हणून आम्हाला धरलं. हुकूम निघाला की विकत घेतलेलं मिनिट काठोकाठ भरायचं, पण सांडू द्यायचं नाही. फोनशेजारी सेकंदकाट्याचं घड्याळ आलं. बोलणं आधी संपलं तर ‘थांब, अजून वेळ आहे, बोल काहीतरी’, आणि नाही संपलं तर वाक्य तोडून रिसीव्हर खाली. नळ दुरुस्त करणाऱ्याला ‘उद्या या’ एवढंच सांगायचं होतं. ते क्षणात सांगून झालं, तेव्हा उरलेल्या मिनिटात ह्यांनी त्याला त्याच्या लहानपणाबद्दल विचारलं. तो घाबरून आलाच नाही. एकदा राँग नंबर लागला. पलीकडच्यानं उचलला, म्हणजे पैसे तर गेलेच, मग तसाच कसा ठेवणार? ह्यांनी त्या गृहस्थाच्या प्रकृतीची चौकशी केली, त्याला मूतखडा निघाला. आता तो स्वतःहून इकडे फोन करतो, आणि आलेल्या फोनला आपल्याला पैसे पडत नसल्यामुळे हे त्याच्याशी सख्ख्या भावासारखे बोलतात. तुम्हाला मात्र वाईट अनुभव आला, कबूल. तुम्ही ‘मला तुझी एक गोष्ट फार’ एवढं म्हणालात आणि मिनिट भरलं. पुढे ‘आवडते’ होतं की ‘खटकते’ यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला होता. (खटकते, असं माझं मत.)

अशी वाक्यं अर्धी राहिली की हे उरलेला तुकडा बोलायला परत फोन लावायचे. महिनाअखेरीस त्यांच्या लक्षात आलं की पैसे वाचायच्या ऐवजी वाढलेत. पुन्हा दरपत्रक, पुन्हा चष्मा. दुसरा शोध असा लागला की समोरच्यानं फोन उचलला रे उचलला की एक ठोक रक्कम कापली जाते, तोंड उघडा नाहीतर मिटा. मिनिटांची मोजणी त्याच्यावर. म्हणजे टॅक्सीत नुसतं बसायचे पैसे आधी, चाक फिरायचे नंतर. एका वाक्याचे दोन तुकडे केले की बसायचे पैसे दोनदा! ह्यांचं तोंड कडू झालं. पण हार मानतील तर तुमचे भाऊ कसले? आता नियम उलटा झाला. कॉल करायचे थोडे, पण भरगच्च. सीटा भरल्याशिवाय गाडी न सोडणारा ड्रायव्हर असतो ना, तसे हे फोनपाशी उभे राहून विचारायचे, ‘ताईला सांगण्यासारखं अजून काही आहे का? दोनच विषय झालेत.’ विषय भरेपर्यंत बातम्या घरात पडून शिळ्या व्हायच्या. माझा पाय मुरगळला, पट्टा बांधला, पट्टा सुटला आणि मी पुन्हा त्याच पायरीवरून पडले, हे सगळं तुम्हाला एकाच कॉलमध्ये कळलं. तुम्ही भांबावून विचारलंत, ‘अगं, मी आता नक्की कुठल्या पडण्याबद्दल वाईट वाटून घेऊ?’

इथवर सारं हसण्यावारी गेलं. तिसरा शोध तुमच्या मुळावर आला. लँडलाइनवरून लँडलाइनला केलं तर दर माणसासारखा. मोबाइलला केलं तर सोनाराच्या दुकानात शिरल्यासारखं. आणि तुम्ही तर घरचा फोन काढून टाकून नुसता मोबाइल ठेवलेला. हे कळलं तेव्हा ह्यांनी असा उसासा सोडला की मला वाटलं, ताई परदेशीच गेली कायमची. मग त्यांना आठवलं की तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे आणि दवाखान्याला लँडलाइन आहे. काउंटरवरच्या दाढबाई (हे नाव तुम्हीच ठेवलंत, मी नाही) परोपकारी. निरोप लिहून घेतात, वर नेऊन देतात. पहिले निरोप साधेच होते, छत्री सापडली, चष्म्याचं घर तिकडेच राहिलं, असले. तुम्ही चिडलात, पण चालवून घेतलंत.

आणि मग तुमची गाडीची परीक्षा झाली. तुम्ही गाडी शिकताय हे इमारतीत कुणाला सांगितलं नव्हतं, ते योग्यच. तिथे कुणी गाडी कुठे आणि कशी लावावी यात तुमचा शब्द शेवटचा. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी वीतभर तिरकी लावली तर तुम्ही त्यांना सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं झापलेलं. अशा बाईनं परीक्षेत गाडी मागे घेताना खांबाला ठोकावी, आणि तीही दुसऱ्यांदा, हे दुःख सख्ख्या भावालाच सांगायचं असतं. तुम्ही फोन करून सांगितलंत. ऐकून हे फार हळहळले हो. दिवसभर म्हणत होते, ‘ताईचा आवाज रडवेला झाला होता गं.’ तुम्हाला धीर द्यायला फोन करायचं ठरलं. इथपर्यंत माणूस म्हणजे देवमाणूस. पुढे दर आडवा आला. धीर द्यायचा तो ह्यांनी दवाखान्याच्या लँडलाइनवर दिला.

पुढचं मला दाढबाईंनीच सांगितलं, मी माफी मागायला फोन केला तेव्हा. (निरोप अगदी बिनचूक पोचला असं त्यांना अजून वाटतं.) दाढबाईंना कमी ऐकू येतं आणि लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणायची सवय. बाहेरच्या बाकांवर पेशंट दाटीवाटीनं बसलेले. ‘रिव्हर्स घेताना... कशाला? खांबाला? हां, खांबाला गाडी लागली... ते मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्यांदा... काय झाली? नापास! बरं, लिहिलं. खांबच... चुकीच्या जागी होता. पुढं बोला.’ पुढं होतंच, कारण कॉल भरून निघालेला. ‘गोळ्या वेळेवर घे. आंबट खाऊ नकोस. आणि मुख्य म्हणजे... त्या वकिलाला... कळू देऊ नकोस.’ वकील समोरच गाल धरून बसलेले. दाढबाई म्हणाल्या की ते एवढे हसले की डॉक्टरांना वाटलं, भूल आधीच चढली.

त्या दिवसापासून वकील गाडी चक्क आडवी लावतात आणि तुम्ही खिडकीतून बघून पडदा ओढता, हेही दाढबाईंनी सांगितलं. ते ऐकून मात्र मला हसू आलं नाही, वन्सं. तुम्ही गप्प बसलात हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, ‘मी तिला वाईट असं काय बोललो?’ म्हटलं, वाईट बोलला असतात तर एका वाक्यात आटोपलं असतं. तुम्ही मायेनं बोललात, सविस्तर. त्यावर उठून फोनपाशी गेले. आणि मग, लग्नानंतर पहिल्यांदाच, ‘चुकलं माझं’ म्हणाले. (मला नव्हे. फोनकडे बघून.)

तेव्हा मोठ्या मनानं पोटात घाला. गाडीची परीक्षा पुन्हा द्या, आणि तोवर वकिलांना झापणं थांबवू नका. जे स्वतःला जमत नाही ते दुसऱ्याला शिकवायला बंदी आली तर जग बंद पडेल. रागावलात तरी तुम्हाला आपल्याच म्हणणाऱ्या, आणि तुम्हीच पसंत करून आणलेल्या

तुमच्या भावजयीचा
पुन्हा एकदा नमस्कार

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. रोज संध्याकाळी तुमचा मोबाइल बराच वेळ वाजत असतो ना? ते हेच असतात. मी विचारलं, ताई उचलत नाहीत तर रोज कशाला लावता? तर म्हणाले, ‘उचलेपर्यंत पैसे पडत नाहीत. नुसतं वाजायला आपलं काय जातंय?’ पण वन्सं, ते दवाखान्याचा नंबर लावत नाहीत. तुमचा लावतात, महागातला. आणि तेव्हा घड्याळाकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात. वाजून वाजून आपोआप बंद पडला की ‘चला, पैसे वाचले’ म्हणतात आणि ताटावर बसून निम्मं तसंच टाकतात. एकदा उचला. उचलून रागवा, पोटभर रागवा. तुम्ही ‘हॅलो’ म्हटल्याबरोबर ठोक रक्कम जाईल, मग मिनिटामागून मिनिट. याच्याइतका गोड सूड तुम्हाला दुसरा मिळायचा नाही.

आणखी एक ता. क. सूड वगैरे काही होणार नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. फोन माझ्या नावावर आहे. मी परवा कचेरीत जाऊन आले. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि मग कुणाशीही कितीही बोलायचं, मोबाइलसकट, अशी योजना त्यांच्याकडे आहे. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘बाई, ही पहिल्यापासून आहे. तुमच्याकडून कुणी विचारलंच नाही.’ ती घेऊन आले. तेव्हा तुम्ही सकाळपर्यंत झापलंत तरी ह्यांचा छदाम जायचा नाही. पण हे त्यांना कळू देऊ नका. प्रत्येक मिनिट खिशातून जातंय असंच त्यांना वाटू दे. असं वाटत असूनही ते बोलत राहतात की फोन ठेवतात, तेवढं मला दाराआडून बघायचंय. मला वाटतं, ठेवणार नाहीत. ठेवलाच, तर माझी बॅग भरलेली आहे. तुमच्याकडे राहायला येते, आणि मग आपण दोघी मिळून त्यांचा फोन उचलायचा नाही.