हसू आवरणारा माणूस

मरोळ, अंधेरी
फेब्रुवारी १९७३

प्रिय डोरी,

तुझं पत्र पोहोचलं. मुलगा झाला, वजन चांगलं आहे, रडतो खणखणीत, सगळं वाचून जीव निवला. तुझ्या सासूने बाळंतपण नीट केलं हेही बरं झालं. मी आले असते गं, पण इथून माझा पाय निघत नाही. सकाळी उठते तीच दमलेली उठते. तुझे पप्पा अंघोळीला गेले तरी मी मोरीच्या बाहेर उभी असते, आणि जिना उतरताना ते माझ्या मागेच आहेत ना, हे बघून मगच पाऊल टाकते. इतकी वर्षं हेच चाललंय. आता माझंही वय झालं.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की बाप्तिस्म्याला एकटीच ये, पप्पांना आणू नकोस, जॉनच्या माणसांसमोर पुन्हा तमाशा नको. मी तुझ्यावर चिडलेली नाही. लग्नाच्या वेळी जे झालं ते बघून कुठलीही मुलगी हेच लिहील. पण उत्तर द्यायला मला आठ-दहा दिवस लागले, कारण तुला काय काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आता ठरवलंय. चहा ठेवलाय, सेराफिना मावशीला सांगितलंय की दुपारभर हाक मारू नकोस, आणि बसलेय लिहायला.

आधी इथलं सांगते. विहिरीपलीकडची शेतं आता जवळजवळ संपली. जिथे आपण भात लावायचो तिथे कारखान्यांची पत्र्याची छपरं आलीत. तुझ्या पप्पांना त्यातल्याच एकात फिटरचं काम मिळालं होतं, ते तुला ठाऊक आहे. दिवाळीनंतर एकदा मधल्या सुट्टीत अंबादासने काहीतरी गंमत सांगितली. अंबादास म्हणजे मानखुर्दहून येतो तो, पप्पांच्या शेजारच्या यंत्रावर असतो, बोलायला लागला की समोरच्याला घास गिळू देत नाही. पप्पा हसले आणि बसल्या जागी कोसळले. फोरमन धावत आला आणि म्हणाला, दिवसाढवळ्या ढोसून आलाय, काढा याला बाहेर. अंबादास तिथेच भडकला. म्हणाला, साहेब, मी रोज याच्या डब्यात जेवतो, याच्या तोंडासमोर बसून बोलतो, हा माणूस पीत नाही, वास घेऊन बघा ना यार. कारखान्यात नुकतीच एक तरुण डॉक्टरीण यायला लागली होती, डॉक्टर मीरा. तिने खरंच वास घेतला. मग डोळे बघितले, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, आणि पप्पा उठून बसल्यावर त्यांना विचारलं की पडले असताना काय काय ऐकू आलं. पप्पांनी सगळं सांगितलं, फोरमनच्या शिव्यांसकट. त्या बाईने लगेच शहरातल्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.

तिथे त्यांच्या डोक्याला तारा चिकटवल्या. गोंद केसांतून काढायला मला रॉकेल लावावं लागलं. एक यंत्र कागदावर रेघा काढत होतं आणि पप्पांना सांगितलं झोपा. झोपा म्हणायची खोटी, तुला माहीतच आहे, देवळात फादरचं प्रवचन सुरू होण्याआधी ते घोरायला लागायचे. मला वाटलं कागदावर काय दिसणार, आळस? पण तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावून त्या रेघा दाखवल्या. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आपण झोपलो की बऱ्याच वेळाने स्वप्नांची झोप लागते. त्या झोपेत मेंदू हातापायांना कुलूप घालतो, नाहीतर माणूस स्वप्नात पळताना खरंच पळत सुटेल. तुझ्या पप्पांचा मेंदू पापणी मिटताच थेट त्या झोपेत उतरतो. आणि ते कुलूप त्यांना जागेपणीही पडतं, तेही कधी, तर हसू आलं की, फार आनंद झाला की. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, ऐकत असतो, फक्त अंगात त्राण राहत नाही. परदेशात गेली दहा-पंधरा वर्षं याचाच अभ्यास चाललाय म्हणे. ही फिट नाही, वेड नाही, आळस नाही आणि दारूचा तर संबंधच नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसले. हसावं की रडावं कळेना. पप्पा शेजारीच झोपले होते.

तुला आठवतं, तू लहान असताना नेहमी म्हणायचीस, पप्पांचं तोंड दगडाचं आहे. शाळेच्या नाटकात तू म्हातारी झाली होतीस, सगळा हॉल पोट धरून हसत होता आणि हे भिंतीकडे बघत बसले होते. तू घरी येऊन रडलीस. ते त्या वेळी मनात ‘नमो मरिये’ म्हणत होते, डोरी. कुणी विनोद करायला लागलं की ते प्रार्थना सुरू करायचे, म्हणजे हसू यायला नको. गल्लीत बॅण्ड वाजला की परसात जाऊन लाकडं फोडायचे. आणि तू तान्ही असताना त्यांनी तुला हातात घेतलं नाही असं जे तू म्हणतेस, तेही खरं नाही. घेतलं होतं. पहिल्यांदा तू त्यांच्याकडे बघून हसलीस आणि त्यांचे हात सुटले. मी खालीच बसले होते म्हणून तू माझ्या ओटीत पडलीस. त्यानंतर त्यांनी तुला पुन्हा उचललं नाही. मला म्हणाले, ही माझ्याकडे बघून हसली की माझ्या हातांचा भरवसा नाही. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं, मी आपली त्यांच्यावर रागावले होते.

आता तुझ्या लग्नाचं. हे मी सांगायचं नाही अशी त्यांनी मला क्रुसाची शपथ घातली होती. आज ती मोडते. फादरना कबुलीजबाबात सांगेन, ते काय द्यायचं ते प्रायश्चित्त देतील.

लग्नाच्या आदल्या तिन्हीसांजेला तू घरात होतीस आणि आम्ही तुझ्या अंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर गेलो. बॅण्ड होता, बायका गात होत्या. जॉनच्या घरची चार माणसंही रीत बघायला आली होती, त्यांत त्याचे लुईसमामा. सेराफिना मावशीने गाण्यात पप्पांना गोवलं, मुलगी द्यायची म्हणून बाप विहिरीतलं पाणीसुद्धा मोजून देतो, असं काहीतरी. बायका खिदळल्या. पप्पांना लाकडं फोडायला पळायला जागा नव्हती, मुलीच्या लग्नाचा आनंदही होता, आणि ते हसले. हसले ते सरळ चिखलात. बॅण्ड थांबला. लुईसमामा वाकून बघत म्हणाले, काय हो, याला फिट येते काय? तसं असेल तर आत्ताच सांगा हां, फिटवाल्याची पोर आम्हाला नको, उद्या आमच्या वंशात यायचं. पप्पा पडल्या पडल्या हे सगळं ऐकत होते.

थोड्या वेळाने अंगात त्राण आलं तसे ते उठले आणि सरळ घराशी मांडवामागे गेले. मी मागोमाग गेले. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दारूतली एक बाटली त्यांनी उघडली, चूळ भरली, थुंकली, उरलेली शर्टावर ओतली. मी हात धरला तर म्हणाले, एथेल, दगडापेक्षा वीट मऊ. बाप बेवडा म्हणून आपल्याकडे कुणाचं लग्न मोडलंय? फिटवाला म्हणून मोडतं. मग ते झोकांड्या खात बाहेर आले. त्यांना नीट झोकांड्याही खाता येत नव्हत्या, दुसरं कुणी असतं तर ओळखलं असतं. पण वास आला आणि लुईसमामा मोकळेपणी हसले, म्हणाले, अरे, म्हातारा झिंगलाय होय, मग काय बिघडलं, पोरीचं लग्न आहे. बॅण्ड पुन्हा सुरू झाला.

आणि तू घरातून धावत आलीस. तू जे बोललीस ते तुझ्या लक्षात असेल, मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते उभं राहून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी देवळात ते शेवटच्या बाकावर बसले, तुझ्याजवळ आले नाहीत, तू म्हणालीस उतरली नसेल अजून. आणि ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात फादरनी त्यांना सगळ्या गावासमोर दारू सोडल्याची शपथ घ्यायला उभं केलं. ज्याने आयुष्यात घोट घेतला नाही त्याने हात वर करून दारू सोडली. गावाने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ते म्हणाले, एवढी सोपी शपथ कुणी घेतली नसेल. मी हसले नाही. मला त्या दिवशी फार थकवा आला होता.

आता गोळ्या सुरू आहेत. तोंड कोरडं पडतं, पण पडणं कमी झालंय. बंद नाही. डॉक्टर म्हणाले, जन्माचं दुखणं आहे, सांभाळून राहायचं. फोरमनने कामावर परत घेतलंय, पण यंत्रावर नाही, सामानाच्या खोलीत.

तुझं पत्र आलं तेव्हा ते खाटेशी उभे होते. मी मोठ्याने वाचत होते. ‘मुलगा झाला’ वाचलं आणि त्यांचे गुडघे गेले, खाटेला पाठ लावून घसरत खाली बसले. मला वाटलं, बसू दे, आनंदाने बसलेत, आणि मी पुढे वाचत राहिले. शेवटची ओळ काय आहे हे मी आधी बघितलं नव्हतं. ती वाचून झाल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. मान छातीवर पडलेली, बोट हलवता येत नाही, मला थांब म्हणता येत नाही, नुसते डोळे वाहत होते. उठले तेव्हा म्हणाले, पोरगी बरोबर लिहितेय, तू एकटी जा. आणि बाळाला कुणाचं नाक आहे तेवढं बघून ये म्हणाले.

हे सगळं वाचून तुला त्यांची दया यावी म्हणून मी लिहीत नाही. दयेचं ते काय करणार? मला एक विचारायचं आहे आणि ते सोपं नाही, हे मला कळतं. त्यांना घेऊन आले तर लुईसमामांना आणि तुझ्या सासरच्यांना तुला खरं सांगावं लागेल. बेवड्याची मुलगी म्हणून तू तिथे ताठ मानेने राहिलीस. आता मेंदूच्या दुखण्याच्या माणसाची मुलगी म्हणून उभं राहायचं, आणि तेही मांडीवर त्याचा नातू घेऊन. लोक बाळाकडे बघून कुजबुजतील. डॉक्टर म्हणतात, मुलांना येईलच असं नाही, बहुतेक येत नाही, पण लुईसमामा काही डॉक्टरांचं ऐकणार नाहीत. जॉनशी बोल. मग मला दोन ओळी टाक, हो किंवा नाही. नाही लिहिलंस तरी मी एकटी येईन, बाळाला आंघोळ घालीन, तुला वर्षभर पुरेल एवढा बाटलीतला मसाला आणीन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. हो लिहिलंस तर बाळाला त्यांच्याकडे उभ्याने देऊ नकोस, चटईवर भिंतीला टेकून बसव आणि बाळाखाली तुझाही हात असू दे. त्यांना मी या पत्राचं काही सांगितलेलं नाही. तुझं हो आलं तर आधी त्यांना खाली बसवीन आणि मग सांगेन.

तुझीच,
आई