बोरगावच्या पाटीतला ळ

पांढुर्णा,
९ जानेवारी २०२५

आदरणीय भाऊराव काका,

सप्रेम जयभीम. काकूले पण सांगा. इकडे सगळे बरे आहोत. थंडीनं आईचे गुडघे दुखते. बाबा म्हणते तू चालत जा, ती म्हणते तुम्हीच जा. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. तीन वर्षांनी आलं म्हणून घाबरू नका, कोणाले काही झालं नाही. काम आहे, कामासाठीच लिहून राहिली.

ऑफिसात बोरगाव पंचायतीचं काम आलं. गावाचा नकाशा स्टीलच्या पाटीवर कोरून चौकात लावाचा आहे. गल्ल्या, विहिरी, बागा, सगळं नावासकट. नकाशा मी आठ दिवसांत काढला. अक्षरांत महिना गेला, काका. महिना!

कोरणारी मशीन नागपूरले आहे. ती फक्त रेघेवरून चालते. नेहमीचा फॉन्ट दिला तर अक्षराची नुसती बाहेरची कड कोरते, आतून पोकळ. एका रेघेचं अक्षर पाह्यजे. तसा एक फॉन्ट मिळाला, पण तो हिंदीचा, त्यात ळ नाही. नमुना घेऊन गेली तर सरपंच चंद्रकलाबाईनं चष्मा लावला नि कागदावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलं, पोरी? शाला? आमच्या गावात शाला नाही, शाळा हाय. अन् हा मालीपुरा कुठचा?"

"बाई, कॉम्प्युटरमधी ते अक्षरच नाही."

"मंग कॉम्प्युटरले शिकव. मले काहून सांगून राहिली?"

ऑफिसात सर म्हणे, तूच बनव. बनवाचं म्हणजे काय, ते ऐका. अक्षर काढाचं नाही, आकड्यांत लिहाचं. पेन कोणत्या दिशेनं किती चालला, कुठं उचलला, कुठं टेकवला. सरळ रेघेले दिशा सोळा, गोलाईचा हिशोब वेगळा. प्रत्येक अक्षराच्या शेवटी शून्य. ते विसरली तर अख्खी फाइल नापास, आणि कॉम्प्युटर चूक दाखवते तिसऱ्याच ओळीत. शिरोरेघ जुळली तर काना तुटते, काना जोडला तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. 'विहीर' हा शब्द तर मले आता डोळ्यांसमोर नको.

शेवटी वैतागून लोखंडी कपाटातल्या तुमच्या हातच्या जुन्या नकाशांच्या शीटा काढल्या. तुमचं एकेक अक्षर त्यावरून मोजून घेतलं. क, ग, म, सगळे बसले. तुम्ही पेन उगाच उचलतच नव्हते, हे मले आकडे मोजताना आत्ता समजलं. पण त्या शीटा सगळ्या मध्यप्रदेश सरकारच्या, सगळ्या हिंदीत. एकशे बारा शीटांत एक ळ नाही! आणि माझा ळ केला तर तो चष्म्यासारखा दिसते.

तर कृपा करून एका कागदावर ळ काढून पाठवा. दोन इंचाचा. कुठून सुरू करता तिथं बाण दाखवा. बाकी काही लिहाची गरज नाही. ऑफिसच्या त्या गोष्टीवर मी बोलत नाही. मी तिथं नोकरी करते, ठरवणारी मी कोण? जे झालं ते सरनं ठरवलं.

पाटी पंधरा फेब्रुवारीले लागणार आहे. लवकर करा.

तुमची पुतणी,
प्रणाली


पांढुर्णा,
२४ जानेवारी २०२५

काका, जयभीम.

लिफाफा मिळाला. मी एक ळ मागितला, तुम्ही चार पानं भरली. शाळा, माळीपुरा, केळीबाग, पिंपळ, खळं. काना लागला तर ळ कसा, शेवटी आला तर कसा, सगळं बाणांसकट. आणि माझ्या नावानं एक शब्द नाही! लिफाफ्यावर काय, तर 'ड्राफ्ट्समन मॅडम, पांढुर्णा'.

मले राग आला. पानं चारदा उलटीपालटी केली. आईले म्हटलं, "एवढं लिहिलं, तर 'बरी आहे का' लिहाले काय झालं होतं?"

आई मेथी निवडत होती. वर न पाहता म्हणे, "भाऊजीले जे ऐकाचं होतं, ते तू लिहिलं होतं काय?"

आईले ठाऊक आहे, हे मले ठाऊक नव्हतं.

मग दिवसभर तुमच्या रेघा मोजल्या. तुम्ही साठी ओलांडली, तरी एवढ्या मोठ्या गोलाईत एक रेघ हललेली नाही. मोजता मोजता मले खुर्चीवर बसवेना.

काका, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सरनं ठरवलं नाही, सरनं मले विचारलं होतं. तुम्ही त्या दिवशी एका लग्नाले सुटीवर होते. सर म्हणे, "प्रणाली, आता सगळं कॉम्प्युटरवर आलं. भाऊरावचं काय करू?" तुम्हीच मले तिथं आणलं, पेन धराले शिकवलं, हे मले सांगता येत होतं. मी म्हटलं, "काकाचा हात आता कापते, सर. मी एकटी सांभाळते."

तुमचा हात कधीच कापत नव्हता. तुम्ही माझ्या प्रत्येक शीटवर सगळ्यांसमोर लाल पेन्सिल फिरवत होते, त्याचा मले वैताग आला होता. एवढंच कारण. याहून मोठं कारण तीन वर्षं शोधून राहिली, सापडलं नाही. तुम्हाले कामावरून काढलं त्या दिवशी तुमची पेटी घेऊन मी बसस्टँडपर्यंत आली. तुम्ही म्हणे, "सर बिचारे तरी काय करतील?" आणि मी मान हलवली.

काल सरले खरं सांगतलं. त्यांनी तुमची चार पानं हातात घेऊन पाह्यली. मग म्हणे, "मी तरी कुठं भाऊरावचा हात पाहिला?" परत कामावर बोलवा म्हटलं, तर जागा नाही म्हणे. ते मी गोड करून सांगत नाही. पाटीच्या खाली 'अक्षरं: भाऊराव सोमकुंवर, सौंसर' एवढं कोराले मात्र कबूल झाले. तुम्हाले नको असलं तर सांगा, काढून टाकीन. ळ बसला. चंद्रकलाबाईनं चष्मा लावून नमुना पाह्यला नि कुठंच बोट ठेवलं नाही, म्हणजे पसंत आहे.

पत्र आधी पोचावं म्हणून हा रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं येऊन राहिली. दार लावून घ्या, काकूसमोर रागवा, जे वाटेल ते करा. माफी कागदावर मागत नाही, ती समोर उभं राहून मागाची आहे. कागदावर फक्त एवढं, की ते वाक्य माझं होतं. पूर्ण नाव लिहून सही करते, म्हणजे मले पुन्हा दुसऱ्याचं नाव पुढं करता येणार नाही.

प्रणाली विजय सोमकुंवर