तलावाच्या फाटकाशी

३ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही विणून पाठवलेला लाल स्वेटर मिळाला. तुमच्या भाचीला तो अजून दोन बोटं मोठा होतो, पण तिच्या वाढीचा वेग पाहता थंडी सुरू होईपर्यंत तोकडा पडला नाही म्हणजे मिळवलं. तिचं खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलंय. घरात, जिन्यात, दूधवाल्याकडे, सगळीकडे ती ठमीच झाली आहे.

ठमी सोफ्याला धरून उभी राहते. मग ऐटीत हात सोडते, स्वतःच दचकते, बदकन बसते आणि आमच्याकडे असं बघते की जणू आम्हीच ढकललं. चार दात आलेत. ‘बाबा’ म्हणते, पण पंख्यालाही बाबा आणि फ्रिजलाही बाबा. तुमचा भाऊ तरीही खूश. “सुरुवात माझ्यापासून झाली ना, बास,” म्हणतो. त्याच्या बसचा मार्ग बदललाय. पहाटेची पाळी असली की ती उठायच्या आत जातो, आणि दुपारची असली की ती झोपल्यावर येतो.

माझं चष्म्याच्या दुकानातलं काम सुरू आहे. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. बाळंतपणाची सुट्टी संपली तेव्हा अप्पाच म्हणाले होते, “तू जा बिनधास्त, मी आहे ना.” दुकानातल्या बायका अजून माझा हेवा करतात. सासरे नातीला सांभाळतात, तेही कुणी साधेसुधे नाहीत, निम्म्या गावाला पोहायला शिकवणारे!

अप्पांची तब्येत उत्तम आहे. थोडं विसरतात, पण या वयात कोण विसरत नाही? परवा ठमीला दूध पाजून झालं आणि लगेच दुसरी बाटली तयार. ठमीचं फावलं. मी हल्ली जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येऊन जाते, तेवढेच पाय मोकळे होतात. शेजारच्या शिंपीणबाईंकडे घराची एक किल्ली देऊन ठेवली आहे. असावी आपली.

महिनाअखेरीला ठमीचा पहिला वाढदिवस. तुम्ही याल ना? आणि आलातच तर लगेच परत जाऊ नका. थोडे जास्त दिवस राहा. सहज म्हणते.

तुमची,
वहिनी


१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुमचं उत्तर मिळालं. स्वेटरबद्दल एक अक्षर नाही, वाढदिवसाबद्दल नाही. नुसतं विचारलंत, “दुपारी धावत घरी कशाला येतेस? अप्पा आहेत ना?”

पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात खाली बसले. कुणीतरी विचारावं म्हणून मी किती दिवस वाट बघत होते, ते तेव्हा कळलं.

फोनवर सांगता आलं नसतं. घर एवढंसं, अप्पा कायम शेजारच्या खुर्चीत, आणि तुमचा आवाज ऐकला की मी सवयीनं “सगळं छान” म्हणून टाकते. म्हणून लिहिते. वाचताना खाली बसा.

गेल्या पत्राच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुकानातली वीज गेली, यंत्रं बंद पडली, म्हणून मालकांनी आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आले. अप्पा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“लवकर सुटलीस आज?”

“हो. ठमी कुठाय?”

“झोपलीय.”

मी चपला काढल्या, हातपाय धुतले, चहा ठेवला. किती वेळ गेला त्यात, ताई! मग तिला बघायला आत गेले. तिच्या छोट्या पलंगावर पांघरूण नीट पसरलेलं होतं, वरून हात फिरवून सुरकुत्या काढलेल्या. मला वाटलं, डोक्यावरून घेऊन झोपलीय, गुदमरेल. मी पांघरूण उचललं. खाली नुसती चादर.

मी पलंगाखाली पाहिलं. कपाटामागे, पडद्यामागे पाहिलं. न्हाणीघरात धावले. बादली रिकामी होती. रिकामी बादली पाहून कुणाला रडू येतं का? मला आलं.

“अप्पा, ठमी कुठाय?”

“अगं, झोपलीय म्हटलं ना. हळू बोल, उठेल.”

चेहरा इतका शांत होता त्यांचा! मग माझं दाराकडे लक्ष गेलं. बाबागाडी जागेवर नव्हती.

मी अनवाणीच पळाले. औषधवाल्याला विचारलं, चांभाराला विचारलं. शाळा सुटली होती, रस्ताभर पोरं आणि आया. दिसेल त्या बाबागाडीत मी वाकून बघत होते. एक बाई तर ओरडलीच माझ्यावर. चौकात बस करकचून थांबली तेव्हा मला वाटलं, संपलं. पण ती नुसती थांब्यावर थांबली होती. शेवटी फळवाली म्हणाली, “अप्पा? तलावाच्या बाजूला जाताना दिसले होते, गाडी ढकलत.”

तलाव म्हणजे त्यांचा पोहण्याचा तलाव. जिथे ते आयुष्यभर काठावर उभे राहिले, आणि त्यांच्या देखरेखीत एका पोराला कधी साधं खरचटलं नाही असं लोक अजून सांगतात. मला दुसरं काही सुचेना. नुसतं पाणी दिसत होतं डोळ्यांपुढे.

बाबागाडी फाटकाशी होती. रिकामी.

तिकीट देणाऱ्या बाईंनी खिडकीतून हाक मारली. ठमी त्यांच्या मांडीवर होती. रडून रडून चेहरा लाल झालेला, हुंदके संपत नव्हते. मला पाहून तिनं हात पसरले नाहीत, ताई. नुसती बघत राहिली. मी तिला ओढूनच घेतलं.

बाई म्हणाल्या, “अप्पा म्हणाले, जरा पोरांकडे नजर टाकून येतो. गाडी आत नेऊ देत नाहीत, म्हणून फाटकाशी लावली. काठावर उभे राहिले, दोघाचौघांना हात कसा मारायचा ते दाखवलं, आणि मागच्या दारानं निघून गेले. नोकरीत असताना जायचे ना, तसेच. मला वाटलं, आत आहेत. मग रडणं ऐकू आलं. गाडीवर ऊन आलं होतं.”

ते नोकरीवरून घरी परतले होते. तलावावरून सुटायचं आणि मागच्या गल्लीतून घरी यायचं. त्या घरात ठमी नव्हतीच. तुम्ही दोघं लहान होतात. “झोपलीय” म्हणाले ते कुणाबद्दल, याचा मी फार विचार केला. बहुतेक तुमच्याबद्दल.

आम्ही घरी आलो तर ते दारातच उभे. “फिरवून आणलंस का? छान केलंस,” म्हणाले.

दोन दिवस ठमीला ताप असल्याचं सांगून मी रजा घेतली. आणि तिसऱ्या दिवशी, ताई, मी पुन्हा तिला त्यांच्याजवळ ठेवून कामावर गेले. तेव्हापासून रोज जाते. शिंपीणबाई अधूनमधून डोकावतात. बाबागाडी मी कुलूप लावून ठेवते. पण काच घासताना यंत्राचा बारीक आवाज येतो ना, त्यात मला तिचं रडणं ऐकू येतं. यंत्र थांबवलं की काही नाही. सुरू केलं की पुन्हा.

तुमच्या भावाला यातलं काहीच माहीत नाही. आई गेल्यावर अप्पांना कुणी न्यायचं यावरून तुमचं दोघांचं वाजलं, तेव्हा तो म्हणाला होता, “अप्पा माझ्याकडेच राहतील, मी समर्थ आहे.” ते वाक्य तो अजून सोडत नाही. अप्पा फार विसरतात असं मी एकदा चाचरत बोलले, तर म्हणाला, “तू उगाच त्यांना म्हातारं करू नकोस.” पुढे बोलायला माझी जीभ रेटली नाही. अप्पांची भीती वाटते असं म्हणायचं तरी कसं? त्यांच्याइतक्या मायेनं माझ्याशी या घरात दुसरं कुणी वागलं नाही.

उद्या त्याला सांगणार आहे. हे पत्र पेटीत पडलं की मला माघार घेता येणार नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

घाबरलेली,
तुमची वहिनी


२३ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुम्ही लगेच फोन केला नाहीत, बरं केलंत. घरात मोठं वादळ होऊन गेलं. आता जरा शांत आहे, पण ही शांतताही मला खरी वाटत नाही.

‘उद्या’ म्हटलं खरं, पण तो दिवस रविवारपर्यंत लांबला. तुमचा भाऊ गणवेशाचे बूट पुसत बसला होता. मी सगळं एका दमात सांगितलं. आधी तो हसला. मग ब्रश फेकला.

“अप्पा? पोरीला सोडून? त्यांनी किती पोरं सांभाळलीत, माहितेय तुला?”

“माहितेय.”

“मग? त्या तिकीटवाल्या बाईचं ऐकून तू माझ्या बापावर—”

“मी रिकामी गाडी पाहिली! माझ्या डोळ्यांनी पाहिली!”

मी लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं ओरडले असेन. ठमी भोकाड पसरून रडायला लागली. आणि दारात अप्पा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“सूनबाई खरं सांगतेय,” ते म्हणाले. “मला तो दिवस आठवत नाही. पण काहीतरी झालंय, हे मला कळत होतं. शिंपीणबाई काय मला बघायला येतात रोज? बाबागाडीला कुलूप का असतं?” मग भिंतीला धरून हळूच खुर्चीत बसले. “तलावावर मी नव्या माणसांना एकच गोष्ट बजावायचो. लक्ष लागत नसेल तर लपवू नका, शिटी दुसऱ्याच्या हातात द्या. मलाच ते जमलं नाही. घरात काही काम उरलं नसतं ना मग मला.”

तुमचा भाऊ त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. अप्पा त्याच्या केसांतून हात फिरवत होते.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. आजार वाढत जाणारा आहे म्हणाले. औषधानं थोडा आधार मिळेल, पण मागे फिरणार नाही. आता ठमी दुकानाजवळच्या पाळणाघरात जाते. पहिल्या दिवशी ती रडली नाही, मीच रडले. अप्पांना एकटं ठेवायचं नाही, म्हणून तुमच्या भावानं पाळ्या बदलून घेतल्यात. मी असते तेव्हा तो नाही, तो असतो तेव्हा मी नाही. एकमेकांना दारात भेटतो, किल्ली देतो, निघतो.

वाटलं होतं, ठमी सुरक्षित झाली की माझी भीती जाईल. तसं झालं नाही. आता अप्पाच घाबरलेत. ते ठमीला हात लावत नाहीत. ती रांगत जाते, त्यांच्या पायजम्याला धरून उभी राहते, तोंड वर करून हसते, आणि ते दोन्ही हात मागे घेऊन ओरडतात, “घ्या हिला! कुणीतरी घ्या हिला!” ज्या हातांनी तिला न्हाऊ घातलं, ते हात, ताई! मी म्हणते, “अप्पा, मी इथेच आहे, घ्या ना.” मान हलवतात. काल मी त्यांच्या शेजारी बसून ठमीला आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि त्यांचा हात धरून तिच्या पाठीवर टेकवला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

तुमच्या भावाशी मनात काही धरू नका. तो तुम्हाला फोन करीन म्हणतो, आणि फोन उचलून परत ठेवतो. त्याला तुम्हीच करा.

वाढदिवसाला कुणालाही बोलावलेलं नाही. केक मी घरीच करणार, जमेल तसा. तुम्ही मात्र या. ‘सहज म्हणते’ असं या वेळी लिहीत नाही.

आणखी एक. आज संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आतल्या खोलीतून अप्पांनी हाक मारली. माझी नाही, तुमची. ते लाडाचं नाव, ज्यावरून तुम्ही लहानपणी चिडायचात. एकदा मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा आवाज इतका घाबरा झाला की मला राहवेना. मी ‘ओ’ दिली. ते लगेच शांत झाले. “आहेस ना? मग ठीक,” म्हणाले, आणि डोळे मिटून पडले.

मी पुन्हाही ओ देईन, ताई, लागेल तेवढ्या वेळा देईन. पण ती हाक तुमची आहे. ते ती मारताहेत तोवर या.

वाटेकडे डोळे लावलेली,
तुमची वहिनी