सहदेवच्या वीरगळाची फाइल

१० जानेवारी १९५५
आजपासून सूड. पार्ल्याच्या संग्रहालयाच्या चिटणीसपदावरून सहदेवने मला काढलं. कारण काय, तर तीन रविवार मी दार उघडलं नाही. सर्दी होती. आज त्याचाच अर्ज आमच्या धर्मादाय ट्रस्टकडे आला, म्हणजे माझ्या टेबलावर! माहुलच्या रुक्मिणीबाई कोळणीच्या दारात जुना वीरगळ आहे, गलबतांची लढाई कोरलेला. तो संग्रहालयासाठी घ्यायचाय. निम्मी किंमत पार्लेकर जमवणार, निम्मी ट्रस्टने द्यावी म्हणे. तिथून नवा रस्ता जातोय, १५ मार्चला खोदाई. तोवर फाइल दाबायची. सहदेवची वाट लागली.

१२ जानेवारी
शंका काढल्या. मालकी कुणाची? चारही बाजूंचे फोटो कुठे? वजन? झकास.

२९ जानेवारी
उत्तरं आली. गावच्या पंचांच्या सह्या, बारा फोटो. दगड बैलगाडीतून वखारीच्या काट्यावर नेऊन वजन केलं! माणूस हट्टी आहे.

८ फेब्रुवारी
तज्ज्ञाचा अभिप्राय मागवला. यात वर्ष जाईल. जेवताना सुनंदाला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, "सर्दीबिर्दी काही नव्हती. झोपला होतात तुम्ही." बायकांना ऑफिसातलं कळत नाही.

२५ फेब्रुवारी
तज्ज्ञ स्वतः माहुलला जाऊन आले. नऊ पानं, नुसती स्तुती. शेवटचा बाण सोडला: ठेवणार कुठे?

३ मार्च
उत्तर: चिटणीसाची खोली रिकामी केली. माझी खोली!

७ मार्च, दुपार
ट्रस्टी रत्नप्रभाबाईंनी फाइल मागितली. अपुरी आहे म्हटलं. त्यांनी उभ्याउभ्या सगळी वाचली आणि म्हणाल्या, "इतकी पक्की फाइल मी पाहिली नाही. निम्मी कशाला, पूर्ण किंमत आपणच देऊ." पार्लेकरांच्या वर्गणीतून चौथरा बांधा म्हणाल्या. मंजुरीपत्र मलाच टाइप करावं लागलं. मुद्दाम दोन चुका केल्या.

१३ मार्च, रविवार
वीरगळ आला. सहदेवची फजिती बघायला गेलो होतो. त्याने चारचौघांत माझा हात धरला. म्हणाला, "तू एवढं खोदून विचारलंस म्हणून झालं रे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
रुक्मिणीबाई दगडावरून हात फिरवत होत्या. हळूच म्हणाल्या, "आता याला कुनाचा पाय लागनार नाय."
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे तिथे. नवा चिटणीस झाडून घेत नसणार. उद्याच तक्रार करतो.