रबराच्या आतली फट

पप्पा, आज माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली आणि नेमका तुमच्या शेडमधलाच प्रश्न आला. रबर ताणलं की त्याच्या आत पोकळी कशी तयार होते आणि वाढते, याचं गणित हा माझा विषय. मी मांडलंय ते असं: रबरात आधीपासूनच एक अतिसूक्ष्म छिद्र असतं, आणि ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते एकदम फुगतं. परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "हे छिद्र आलं कुठून? सोयीसाठी गृहीत धरलंत?" छिद्र गेलं असतं, तर त्याच्याबरोबर सगळा प्रबंध गेला असता.

तो दिवस आठवतो. मी नववीत आहे. सावेडीहून सायकलवर तुमचा डबा घेऊन एमआयडीसीतल्या तुमच्या शेडवर आलेय. ट्रॅक्टरच्या इंजिनाखाली बसवायचा पॅड, म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये चिकटवलेलं रबर, तुम्ही जॅकवर ताणून बघताय. "टक् वाजलं, ऐकलंस ना? आतून फाटलं." मी हो म्हणते. पॅड काढून टेबलावरच्या दुसऱ्या पॅडशेजारी ठेवून तुम्ही हात धुवायला जाता, आणि मी ब्लेड घेऊन त्यातला एक उभा कापते. आत काही नाही. एकदम गुळगुळीत.

"अगं बये, चांगला पॅड कापला की! फाटल्याला तर ह्यो हितं हाय!" तुम्ही डोक्याला हात लावलात, मग हसू आवरेना. "बाहेरून दोन्ही सारखेच. म्हनून तर कान लावायचा असतो. पोरगी हुशार, पन कान कच्चे." मग शेजारचा पॅड तुम्ही स्वतः कापलात. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी फट होती. ही आली कुठून, असं मी विचारलं. "आनायला कशाला लागती? रबरात थोडी हवा ऱ्हातीच, दबून बसल्याली. दिसत न्हाई म्हनून न्हाई व्हय ती?"

परीक्षकांना मी हेच सांगितलं, फक्त शुद्ध मराठीत आणि सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंसकट. ते म्हणाले, "अनुभवाचं बोलताय." मी मान डोलावली. कुणाचा अनुभव, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नंतर पेढे वाटले. दोन खाल्ले, दुसरा तुमच्या वाटचा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी मला टक् ऐकू आलंच नव्हतं. आलं असतं, तर पॅड कापून बघायची मला गरजच पडली नसती.