सुनावणी संपेपर्यंत चहा नाही

रविवार, जेवणं आटोपल्यावर

चिमणे,

तुला पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडून; त्याला आपण धरत नाही. तू वेळेवर जेवतेस असं मी मानून चालते, खरं काय ते तुझं तुला माहीत.

तर परवा सगळ्यात आधी टपकला तो आपला शेजारचा कुलपवाला. माझा केर काढून व्हायचा होता. सुनावणी आपल्याच दुकानात ठेवली होती; तिची माणसं चांगली उन्हं वर आल्यावर येणार होती, हा उजाडताच हजर. आणि अंगात काय, तर लग्नातला कोट! बटणं लागत नव्हती, पोट पुढे आणि कोट मागे. मी म्हटलं, "अरे, साहेब तुझं ऐकायला येणार आहेत, तुला बघायला नाही." तर म्हणतो, "मावशी, दुकानच पाडलं तर हा कोट घालून जाऊ कुठे? आजच मिरवून घेतो." मी हसले खरी. थट्टा असली तरी खोटं नव्हतं त्यात.

रस्त्याचं तुला ठाऊक आहे. आपल्या दुकानांची ओळ पाडून तिथून रुंद रस्ता काढायचा, असा खात्याचा आदेश आला होता. महिनाअखेर जागा रिकाम्या करा म्हणे. तू विचारलंस, मग तो आदेश थांबला कसा? दोन पत्रं झाली, मी गुडघ्याचंच लिहिते आहे. सांगते, सांगते. आधी माणसं तर येऊ देत.

कुलपवाल्यामागून आली टाळीबाई. म्हणजे आपल्या भागातून निवडून सभागृहात गेलेली ती बाई गं. बोलताना मधेमधे टाळी वाजवते, म्हणून आम्ही तिला तसं म्हणतो, तिला अर्थातच माहीत नाही. आपल्या दुकानात खुर्च्यांचा ढीग, पण बसता येईल अशा मोजक्याच. बाकीच्या वेताने विणायला आलेल्या, मधे भगदाड. ही बोलता बोलता तसल्याच एका खुर्चीत बसायला निघाली. मी हात धरून ओढली म्हणून बरं, नाहीतर सभागृहात एक माणूस कमी भरलं असतं.

"आजी," ती म्हणाली, "कायदा आम्हीच केलाय." टाळी. "कुणाला उठवायचं तर आधी त्याचं ऐकायचं, असं स्पष्ट लिहिलंय त्यात." टाळी. "खात्याने तातडी म्हणून तेवढंच गाळलं. मी मंत्र्यांना भर सभागृहात उभं करून जाब विचारला!"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, प्रकरण कोर्टात आहे, आत्ता बोलता येत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बसले खाली." या वेळी टाळी नाही.

मला आधी या सगळ्याचा फार राग यायचा. मंत्री म्हणतो कोर्टाला विचारा. कोर्ट म्हणतं रस्ता खात्याचा. खातं म्हणतं कायदा सभागृहाचा. म्हटलं, ही काय टोलवाटोलवी! मग मला माझ्या सासरची आठवण झाली. आम्ही तिघी जावा आणि चूल एक. सासूबाई वस्ताद. कोठीची किल्ली थोरलीकडे, स्वयंपाक मधलीकडे, वाढायचं माझ्याकडे. थोरलीने हात आखडला की मधली भांडी आपटायची, मधलीने मीठ जास्त घातलं की पानावरची बोलणी मी तिला ऐकवायची, आणि मी कुणाला जास्त वाढलं की दोघी मिळून माझ्यावर. जेवायला रोज उशीर. भांडण रोज. पण त्या घरात एकटीने कुणी तूप खाल्लं नाही की उपाशी कुणी झोपलं नाही. मी सासूबाईंना तेव्हा मनातल्या मनात काय काय म्हणायचे, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

हे असं माझं भरकटतं बघ. तू म्हणशील, आजी, मुद्द्यावर ये.

आले. कोर्टातला अर्ज माझ्या नावाने आहे. आणि ज्या आदेशाविरुद्ध आहे, त्यावर सही तुझ्या बापाची आहे.

तुझ्या आईने तुला कळवलं नाही, मीही नाही. परीक्षा होती तुझी.

ओळीतले सगळे मला म्हणत होते, तुमचाच मुलगा खात्यात आहे, घरातल्या घरात बोला. मी बोलले की. तुझा बाप जेवत होता, त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "आई, तू सांगितलंस म्हणून मी आदेश फिरवला, तर ज्याची आई ओळखीची नाही त्याने काय करायचं? तुला चूक वाटतं ना? मग कोर्ट आहे." रागाने म्हणाला की मनापासून, मला कळलं नाही. पण मला तो म्हणाला आणि मी गेले. आमच्या वकिलीणबाईंनी दाखवलं तिथे माझं नाव लिहिलं.

त्या दिवसापासून तुझा बाप माझ्या घरात आला नाही. दारावरून जायचा, मान हलवायचा. चहाला हाक मारली तर "नको". तुझी आई यायची, डबा ठेवून जायची, डोळे चुकवायची. मी विणायला बसले की वेत माझ्या हातून तुटायचा, चिमणे. आयुष्यात कधी झालं नव्हतं असं. दुकान राहावं म्हणून मुलगा घालवला की काय, हेच डोक्यात.

मग कोर्टाची तारीख आली. जज बाई होत्या, तुझ्या आत्याच्या वयाच्या. त्यांनी पाडायचं काम थांबवलं, सुनावणी घ्या म्हणाल्या, आणि ज्याने आदेश काढला त्याने ती घ्यायची नाही, दुसरा अधिकारी नेमा म्हणाल्या. मला वाटलं, अजून एक वाक्य बोलतील, की ही ओळ पाडू नका. मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "आजी, रस्ता कुठून न्यायचा ते मी नाही ठरवायचं. कायदा पाळून नेतात की मोडून, तेवढं माझं काम." माझं तोंड पडलं. पण बाईंचा आवाज गोड होता. आणि मघापासून माझं लक्ष त्यांच्या खुर्चीकडे होतं. वेताची पाठ, उजवीकडून पार उसवलेली. माझ्याने राहवेना. म्हटलं, "बाईसाहेब, ती पाठ मी विणून देते, काही घेणार नाही!"

वकिलीणबाईंनी कपाळावर हात मारला. सगळं कोर्ट हसलं. जजबाई हसल्या नाहीत. "आजी, तुमचं मन मोठं आहे. पण तुमचा खटला माझ्यापुढे आहे तोवर तुमच्या हातचं मला काही चालत नाही. उसवलेलीच बरी."

घरी येताना वाटेत मी थबकलेच. मागून येणारा सायकलवाला ओरडला. अगं, तुझा बाप तरी दुसरं काय करत होता? आणि मी समजत होते, रुसलाय.

तर परवा नवे अधिकारी आले, वाळक्या अंगाचे, मितभाषी. त्यांच्यामागून खात्याच्या बाजूने तुझा बाप. उभा राहून म्हणाला, "अर्जदार यांना पर्यायी जागा देऊ केली आहे." अर्जदार म्हणे! त्याचा शेंबूड कुणी पुसला, तर अर्जदाराने.

अधिकाऱ्यांनी एकेकाचं ऐकलं. कुलपवाला कोट सावरत म्हणाला, देऊ केलेली जागा तिसऱ्या मजल्यावर आहे, किल्ली हरवलेला माणूस जिने चढून येत नाही. मी म्हटलं, मला वेत भिजवायला हौद लागतो, सुकवायला अंगण लागतं. तिसऱ्या मजल्यावर मी वेत कुठे भिजवू, उशाशी? अधिकारी उठले, मागे जाऊन हौद पाहून आले. तुझ्या बापाला म्हणाले, "हे खात्याने पाहिलं होतं?"

याच हौदात तो लहानपणी न्हायचा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "आदेशात आणलं नाही. आणायला हवं होतं."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. टाळीबाईने टाळीसाठी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. चांगली आहे गं ती.

मग मी चहा आणला. अधिकारी म्हणाले, सुनावणी संपेपर्यंत नको. मी म्हटलं, ठाऊक आहे, तुमच्यासाठी आणलाच नाही. कुलपवाल्याला दिला, टाळीबाईला दिला. तुझ्या बापापुढे ट्रे नेला नाही, विचारलंही नाही. सरळ पुढे गेले. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बस, तेवढंच. पण इतक्या दिवसांत मी त्याचा चेहरा असा मोकळा पाहिला नव्हता.

निघताना तो दारात रेंगाळला. हळूच म्हणाला, "निर्णय वाचायला सगळे पुन्हा येऊ. वाचून झाला की मी मागे थांबेन. जेवायला."

"आणि निर्णय माझ्याविरुद्ध गेला तर?"

"तर आधी माझ्याबरोबर जेव. मग वकिलीणबाईंना फोन कर."

ओळ राहील का, मला सांगता येत नाही. कुलपवाला रोज विचारतो, त्यालाही हेच सांगते. पण मी काल चार खुर्च्या विणल्या, एक वेत तुटला नाही. आणि तुझ्या बापाला आवडतं ते सगळं आजच आणून ठेवलं आहे.

निर्णय घेऊन अधिकारी मंगळवारी येतो म्हणालेत.

तुझी आजी