बंब गळत नाही

पांढुर्णा, नोव्हेंबर १९५६, शनिवार

गळती दिसावी म्हणून तांबटाने बंबाच्या सांध्यांना चुना फासला, पाणी भरलं, म्हणाला, "पाहा मास्तर, थेंबही गळून नाही राहिला." पाणी नाही गळत, कबूल. पण पेटत्या कोळशाचा वायू? मागच्या आठवड्यात त्या कोंदट न्हाणीत आईला भोवळ आली. तरी आतून कडी लावतेच. "मंग का उघड्यावर आंघोळ करू?" म्हणते. म्हणून मी दाराबाहेर उभा राहून तिचं रामनाम ऐकतो. आवाज आहे तोवर ती शुद्धीवर. दुसरी कोणती परीक्षा येते मला?

आज रामनाम थांबलं. हाका मारल्या, मग धक्का देऊन कडीच तोडली. आई चूळ भरत होती. लाजेने लाल झाली. दुपारी सुताराकडून नवी, जाड कडी बसवून घेतली आणि म्हणाली, "उद्यापासून मी मनातल्या मनात म्हणीन."